बासष्टावा डबा

"गेलं समजा," असं म्हणून ती आमच्या कम्प्युटरवर चादर टाकायची.

चादर सोलापुरीच, तिनं घरून आणलेली, धुऊन धुऊन मोराचे रंग विटलेले. कम्प्युटरला डोक्यापासून पायापर्यंत पांघरूण घालायची, कडा नीट खोचायची आणि दोन सेकंद हात जोडून उभी राहायची. मग आमच्याकडं वळून म्हणायची, "गेलं. आता रडायचं न्हाय. साडेनऊ झालेत. बारापर्यंत सगळे डबे दारात पायजेत. चला, लागा कामाला."

पहिल्या वेळी मी खरंच घाबरले. दुसऱ्या वेळी चिडले. तिसऱ्या वेळी मी तिला तोंडावर सांगितलं, "बाई गं, तुला दुसरे उद्योग नाहीत का? चांगल्या चालत्या कम्प्युटरला मारायचं आणि आमची तारांबळ बघत बसायचं, ही कसली समाजसेवा?" ती नुसती हसली आणि खुर्ची ओढून बसली. पुढं आमच्यात या प्रकाराला 'सुतक' असंच नाव पडलं. सुतक महिन्यातून एकदा यायचं, पण कधी येणार ते तिलाच ठाऊक. कधी कधी तर ती कॉलेजला जाताजाता सकाळी सातला तिच्याजवळच्या किल्लीनं ऑफिस उघडून चादर टाकून निघूनही जायची. आम्ही येऊन बघावं तर कम्प्युटर आडवा. आणि सुतकाच्या दिवशी चादरीला हात लावायचा नाही, हा नियम.

तुमच्यापैकी कुणी छोट्या संस्थेत काम केलं असेल तर त्याला आमचं ऑफिस डोळ्यांपुढं आणायला वेळ लागणार नाही. एक स्वयंपाकघर, एक धान्याची खोली आणि जिच्या छतावर पाण्याची टाकी बसवलीय अशी एक ऑफिसची खोली. शहरात एकटी राहणारी म्हातारी माणसं, कुणाची मुलं पुण्याला, कुणाची हैदराबादला, कुणाला कुणीच नाही, त्यांना दुपारचा डबा पोचवायचा, एवढंच आमचं काम. एवढंच म्हणते, पण या आजींना मीठ नको, त्या आजोबांना दात नाहीत, तिसऱ्यांना साखर, चौथ्यांना वांग्याचं नुसतं नाव काढलं तरी अंगाला खाज सुटते. कुणाचं दार पुढून उघडत नाही, बोळातून मागं जावं लागतं. कुणाला ऐकू कमी, कडी तीनदा वाजवायची. हे सगळं पूर्वी माझ्या डोक्यात असायचं. मग माणसं वाढली, कुणीतरी जुना कम्प्युटर देणगी दिला आणि डोक्यातलं सगळं मी त्याच्या पोटात घातलं. रोज सकाळी बटण दाबायचं, नाव-पत्ता-पथ्य लिहिलेल्या चिठ्ठ्या छापून निघायच्या, त्या डब्यांवर चिकटवायच्या. गिरणीच्या ऑफिसात तीस वर्षं कारकुनी केलेली बाई मी. मला त्या मशीनचं किती कौतुक वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

ते मशीन बघायला पगारी माणूस ठेवायची आमची ऐपत नव्हती. ती आली आपणहून. एका इंजिनिअरिंग कॉलेजात कम्प्युटरच्या लॅबमध्ये सहायक होती. चाळिशीची, बुटकी, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालणारी. तिच्या शेजारच्या आजोबांचा डबा एकदा चुकून तिच्या दारात गेला, तो घेऊन ती तणतणत आली आणि मला कम्प्युटरशी भांडताना बघून थबकली. मशीन सुरू करून दिलं. मी आभार मानले, चहा मागवला. चहा पिता पिता तिनं इकडं तिकडं बघितलं, छताकडं जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, "काकू, हे जळालं तर काय करणार?"

"काहीतरीच काय बोलता? वाईट बोलू नये."

"आपण बोललं न्हाय म्हणून जळायचं थांबतंय व्हय?"

मला तिचा राग आला. खरं सांगते, पहिलं वर्षभर मला ती आवडत नव्हती. कोण म्हणून ही माझ्या घरात येऊन माझी परीक्षा घेते? पण दर शनिवारी दुपारी ती यायची, एक पैसा न घेता, कॉलेज सुटल्यावर उन्हातान्हात. वर्षातून एक चौदा एप्रिलचा आठवडा सोडला तर तिचा शनिवार कधी चुकला नाही. त्या आठवड्यात मात्र तिच्या वस्तीतल्या मिरवणुकीची तयारी असायची आणि बाई लेझीम शिकवायला. "या आठवड्यात मीच गेले समजा," असं सांगून जायची.

मशीनला तिनं स्वतः हात लावलाय असं क्वचित व्हायचं. काही बिघडलं की खुर्चीत मांडी घालून, हाताची घडी घालून बसायची. "तुमी करा. मी सांगते."

"अगं, तू दोन मिनिटांत करशील. मला अर्धा तास लागतोय."

"लागू दे की. मी नसले तर?"

हे 'मी नसले तर' आम्ही इतक्यांदा ऐकलं की सरूबाई, आमची स्वयंपाकीण, भाकरी थापता थापता तिची नक्कल करायची. माझा पासवर्ड मी कम्प्युटरच्याच कडेला चिकटवून ठेवला होता, विसरायला नको म्हणून. तो कागद तिनं दोन बोटांनी, उंदीर उचलावा तसा उचलला. नवा पासवर्ड पाकिटात बंद करून, पाकिटावर दोघांच्या सह्या घेऊन कपाटात ठेवायला लावला. सगळ्या माहितीची एक प्रत एका छोट्या डबीसारख्या डिस्कवर काढली आणि म्हणाली, ही ऑफिसात ठेवायची नाही, दुसऱ्या कुणाच्या तरी घरी ठेवायची, म्हणजे इथं आग लागली तरी ती वाचेल. आमचे खजिनदार म्हणाले, माझ्याकडं द्या, अगदी सुरक्षित जागी ठेवतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती डिस्क परत आली. वर हळद, कुंकू, अक्षता, आणि तार खुपसायच्या भोकात झेंडूची पाकळी. खजिनदारांनी डिस्क देव्हाऱ्यात ठेवली होती. त्यांच्या दृष्टीनं घरातली सर्वांत सुरक्षित जागा तीच. खंडेनवमीला घरातल्या विळीची, शिलाई मशीनची, स्कूटरची पूजा झाली, तशी हिचीही झाली. आता ही खजिनदारांना फैलावर घेणार म्हणून आम्ही कान टवकारून बसलो. तिनं ब्रश मागितला, दाढीचा नवा ब्रश, आणि तासभर बसून भोकातलं कुंकू काढलं. मग खजिनदारांना म्हणाली, "काका, जागा बरोबर निवडलीत. तितंच ठेवा. फक्त प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि पूजा पिशवीची करा." खजिनदार खूश. तेव्हापासून दर शनिवारी ती नवी प्रत काढून त्यांच्या घरी देऊन यायची आणि चहा तिकडंच प्यायची.

सुतकाच्या दिवसासाठी तिनं एक निळी फाईल करायला लावली. यादी दर शनिवारी छापायची, निळ्या फाईलीत घालायची, फाईल स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यावरच्या खिळ्याला टांगायची आणि वर तारीख घालून मी सही करायची. मशीन बंद पडलं की फाईल काढायची आणि चिठ्ठ्या हातानं लिहायच्या. साधी गोष्ट. पण पहिल्या सुतकाला आमचा जो काही बोऱ्या वाजला! शेवटचा डबा दीड वाजता गेला, आणि वांग्याची खाज सुटणाऱ्या आजोबांना भरली वांगी. सहा-सात सुतकं झाल्यावर मात्र आम्ही पावणेबाराला मोकळ्या व्हायला लागलो. डबे नेणारे इब्राहिमचाचा, आपल्या रिक्षातून अर्धं शहर ते करायचे, ते तर म्हणायचे, "आपा, मशीनसे ज्यादा जल्दी तो तुम हाथसे करते."

आता मी जे सांगणार आहे ते सांगताना मला आजही लाज वाटते. पण तिच्याबद्दल सांगायचं आणि हे वगळायचं, असं नाही जमणार.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी सलग तीन शनिवार यादी छापली नाही. आळस म्हणा, माज म्हणा. माणसं तीच, यादी तीच, कशाला उगाच पाच-सहा कागद घालवायचे? जुन्याच यादीवर नवी तारीख घालायची आणि सही ठोकायची. ती शनिवारी फाईल उघडून तारीख बघायची, मान हलवायची आणि पुढच्या कामाला लागायची. तीस वर्षं कारकुनी केलेल्या बाईच्या सहीवर कोण शंका घेणार?

मग एका गुरुवारी मी नऊ वाजता ऑफिसात आले तर कम्प्युटरवर चादर. मी कपाळावर हात मारला. "आलं का परत सुतक! मागच्याच पंधरवड्यात झालं होतं की!" सरूबाई आतून काहीतरी म्हणाली, पण तव्याचा आणि पंख्याचा आवाज, मला काही ऐकू आलं नाही आणि मी विचारलंही नाही. फाईल काढली, चिठ्ठ्या लिहिल्या, डबे भरले. अकरा वाजून चाळीस मिनिटांनी इब्राहिमचाचांची शेवटची फेरी निघाली. इतक्या लवकर आम्ही कधीच संपवलं नव्हतं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. दुपारी जेवण झाल्यावर मी मुद्दाम तिला फोन लावला, जरा टेंभा मिरवावा म्हणून.

"झालं हो बाई तुझं सुतक! अकरा चाळीसला सगळं खलास. आता बोल."

पलीकडं हलगी वाजत होती, बायका हसत होत्या. "कसलं सुतक काकू? मी कुर्डुवाडीत हाय. भाच्याची हळद हाय आज. काल संध्याकाळीच आले."

"मग चादर कुणी टाकली?"

"मी टाकली की!" सरूबाई दारातून म्हणाली. "सकाळच्या पारी टाकीचं पानी गळत हुतं त्याच्यावर. पुसून घेतलं आन् चादर घातली. तुमाला सांगितलं न्हवं का?"

मी चादर उचलली. ओलीचिंब. खालून मशीनमधून पाणी टपकत होतं. आम्ही खऱ्या मड्याला खोटं समजून दिवसभर हसत-खिदळत काम उरकलं होतं.

फोनवर तिला सांगितलं. हिला धक्का बसेल, असं मला वाटलं होतं. तर ती एवढंच म्हणाली, "मेन स्विच पाडा आधी. आणि मशीनला हात लावू नका कुणी. मेलं तर मरू दे. डबे किती गेले?"

"एकसष्ट," मी अजून ताठ मानेनं.

हलगीचा आवाज लांब गेला. ती बहुतेक मांडवातून बाहेर आली असावी. "काकू, शनिवारी मी प्रत काढली तवा बासष्ट होते."

एक माणूस राहिला होता. दुपारचे तीन वाजले होते आणि कुणीतरी एकजण उपाशी होतं, आणि ते कोण हे सांगणारं मशीन पाण्यात मेलं होतं, आणि जो कागद सांगू शकला असता त्याच्यावर माझी खोटी सही होती. मी फोनवरच सगळं कबूल केलं. काय करणार? लपवायला जागाच उरली नव्हती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "ते नंतर बघू," ती म्हणाली. "गेल्या तीन आठवड्यांत नवीन कोण आलं?"

मला आठवेना! माझ्या हातानं मी ते नाव त्या मशीनमध्ये भरलं होतं, आणि माझ्या डोक्यात नुसता भोपळा.

"सरूबाईंना द्या फोन. सरूबाई, आज काय उरलं?"

सरूबाईनं पातेल्यांची झाकणं उचलून बघितली. तिला लिहिता-वाचता येत नाही, पण तिचं माप कधी चुकत नाही. "बिनमिठाची आमटी. रोज सहा वाट्या करते, आज पाचच गेल्या. एक हाय तशीच."

"म्हणजे बिनमिठाचं माणूस. चाचांना विचारा."

इब्राहिमचाचा अंगणात रिक्षात पाय पसरून पडले होते. बिनमिठाचं नवीन माणूस म्हटल्याबरोबर ते उठून बसले. "वो नयी अम्मा? भवानी पेठवाली? नरसम्मा? आज चिठ्ठी नहीं थी तो मैं समझा गाँव गयी होंगी."

सरूबाईनं दोन भाकरी टाकल्या, आमटी गरम केली आणि मी डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले. चाचांनी भवानी पेठेपर्यंत हॉर्नवरचं बोट काढलं नाही.

नरसम्मा उंबऱ्यात बसली होती. सत्तरीच्या पुढची, विड्या वळून वळून बोटं वाकडी झालेली बाई. कालचा रिकामा डबा घासून, पुसून शेजारी ठेवलेला. बारा वाजल्यापासून ती तशी बसली होती. मला बघून उठायला लागली तर तोल गेला, मी धरलं. जेवणानंतरची गोळी तिनं रिकाम्या पोटी घेतली होती आणि वर दोन तांबे पाणी प्यायली होती.

"आज सुट्टी असंल म्हनलं तुमची," ती म्हणाली.

"अहो आजी, झाकणावर फोन नंबर लिहिलाय आमचा. तुमच्याकडं मोबाईल आहे. एक फोन करायचा ना!"

"अय्यो, कसं करायचं? देनाऱ्याला कसं विचारायचं, आज का न्हाय दिलं म्हनून?"

ती जेवत होती आणि मी समोर बसून बघत होते. मी रडले. मला रडणं येत नाही, माझ्या घरचेही सांगतील, पण त्या दिवशी रडले. तिला वाटलं, मला भाकरी हवीय. अर्धी तोडून माझ्यापुढं केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं ती कुर्डुवाडीहून आली, हाताला हळद तशीच, भाच्याचं लग्न तसंच सोडून. खजिनदारांच्या देव्हाऱ्यातून डिस्क आणली. कॉलेजातून एक जुना लॅपटॉप मागून आणला आणि दुपारपर्यंत बासष्टच्या बासष्ट नावं माझ्यासमोर उभी केली. मी वाट बघत होते, आता बोलेल, मग बोलेल. शेवटी मीच म्हणाले, "मला काय बोलायचं ते बोलून टाक. तुझं तोंड असं बंद बघून माझा जीव जातोय."

"काकू, तुमचं चुकलंच," ती म्हणाली. "लई चुकलं. पण माझंबी चुकलं. मशीन गेलं तर काय, फाईल गेली तर काय, मी गेले तर काय, सगळा विचार केला. जेवणाऱ्या माणसाला काय विचारलंच न्हाय मी. बासष्ट माणसं दारात डोळे लावून बसलेली असत्यात बारा वाजता. त्यांच्यापेक्षा पक्की खबर कुणाकडं हाय? आणि ती गप्प बसतात."

त्या दिवसापासून फाईलीवर दोन सह्या सुरू झाल्या, माझी आणि सरूबाईचा अंगठा. सरूबाई कागद मोजल्याशिवाय अंगठा उठवत नाही, आणि मला ते निमूट सोसावं लागतं. पण आमच्या कम्प्युटरवाल्या बाईचं खरं काम वेगळंच सुरू झालं. ती म्हाताऱ्यांना बोंब मारायला शिकवायला लागली.

हसू नका. तिनं घरोघर निरोप दिला की या आठवड्यात एक दिवस डबा मुद्दाम अर्धा तास उशिरा येईल, बारा वाजून पाच मिनिटं झाली की संस्थेत फोन करायचा. मी कडाडून विरोध केला, म्हाताऱ्या माणसांना ताटकळत ठेवायचं म्हणजे काय! पण तिनं त्या दिवशी सकाळीच प्रत्येकाकडं दोन केळी पोचवली आणि माझं तोंड बंद केलं. बुधवारी बारा वाजले. आम्ही फोनभोवती बसलो. किती फोन आले असतील? तीन. पहिला, उद्या भाजी कुठली आहे ते विचारायला. दुसऱ्या आजोबांनी सांगितलं, "उशीर झाला तरी चालेल, सावकाश या, ऊन फार आहे." तिसरा चुकून लागलेला.

तिनं कपाळ बडवलं. मग दर शनिवारी, आमचं काम उरकलं की, बूट घालून ती पेठापेठांतून हिंडायची. मी एकदा तिच्याबरोबर नरसम्माकडं गेले होते. दोघी समोरासमोर बसल्या, दोघींच्या हातात फोन.

"हं, म्हणा आजी. माझा डबा कुटाय?"

"जरा डबा... जमलं तर..."

"जमलं तर न्हाय! उपकार करतोय व्हय आमी? ओरडा!"

"डबा... ऱ्हायला वाटतं..."

"आजी, नळावर भांडताना कसं ओरडता? मला सगळी गल्ली सांगती तुमचं. तसं ओरडा की!"

नरसम्मा तोंडाला पदर लावून हसायची, पण आवाज काही वर चढत नव्हता. "नळ माजा हाय," ती म्हणायची. "डबा तुमचा हाय." या वाक्यावर आमची बाई हमखास हरायची. रिक्षात बसल्यावर मला म्हणाली, "काकू, मशीनला शिकवणं सोपं हाय. ही आजी एकदा तरी माझ्या अंगावर ओरडली पायजे. न्हायतर माझं सगळं काम पाण्यात."

महिने गेले. बाकीचे हळूहळू सुधारले. पुढच्या उशिराच्या डब्याला नऊ फोन, त्यापुढच्याला एकवीस. नरसम्माचा फोन कधीच आला नाही. यादीत तिच्या नावापुढं आमची बाई प्रत्येक वेळी एक छोटा गोल काढायची.

मग तिला नोकरीत बढती मिळाली, पण नांदेडला. आम्हाला सांगायला तिला पंधरा दिवस लागले. शेवटच्या शनिवारी तिनं किल्ली माझ्या हातात दिली. आपत्तीत काय काय करायचं ते तिनं लिहून निळ्या फाईलीत लावलं होतं, त्या कागदाच्या पहिल्या पानावर, अडचण आली तर कुणाला बोलवायचं तिथं, पहिलं नाव तिचं होतं. तिनं ते माझ्यासमोर पेनानं खोडलं आणि माझं लिहिलं. खाली सरूबाईचं.

"आणि मला सहा महिने कम्प्युटरसाठी फोन करायचा न्हाय. सुखदुःखाला करा. मशीन बिघडलं म्हणून केलात तर मी उचलणार न्हाय."

"मी नाही सोडत तुला," मी म्हणाले. मला आणखी खूप बोलायचं होतं. वर्षभर मी तिचा राग केला होता, आणि आता ती चालली तर पोटची पोरगी चालल्यासारखं होत होतं. ते मी तिला सांगितलंही. ती बुटाच्या नाड्या बांधत खाली बघत राहिली. सरूबाईनं शेंगाचटणीची पुडी दिली, ती मात्र तिनं वरच्या वर घेतली.

तिच्या मागं मशीन दोनदा बंद पडलं. दोन्ही वेळा आम्ही सुरू केलं, एकदा अर्ध्या तासात आणि एकदा दोन दिवसांत. मी फोन केला नाही.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरात गॅसचा वास यायला लागला. सरूबाईनं शेगडी बंद केली, खिडक्या उघडल्या, आम्ही सगळ्या बाहेर. माणूस येऊन नळी बदलेपर्यंत साडेअकरा. खरं म्हणजे अशा वेळी सगळ्यांना उशीर होईल असं कळवायचं, हे आमच्याच कागदावर लिहिलंय. पण सरूबाई एकटी भाकऱ्या थापत होती, मी तिच्या हाताखाली पीठ मळायला बसले आणि विसरले.

बारा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला. पिठाच्या हातानंच उचलला.

"कोन बोलतंय?" पलीकडून कुणीतरी कडाडलं. "माझा डबा कुटाय? बारा वाजून गेले की! झोपलाव काय सगळी?"

आवाज मला पटकन ओळखता आला नाही. इतका मोठा मी तो कधी ऐकलाच नव्हता.

"आजी? नरसम्मा? अहो, गॅसचा जरा..."

"गॅसचं मला सांगू नको! मला भूक लागलीया!"

"येतोय आजी," मी म्हणाले. "आत्ता येतोय." आयुष्यात खूप जणांची बोलणी खाल्लीत मी, पण कुणाची इतकी गोड लागली नव्हती. सरूबाई तव्यापुढून विचारत होती, कोण आहे, काय झालं, आणि मी नुसतीच हसत होते, पिठाच्या हातानं डोळे पुसत होते.

हे नांदेडला लगेच कळवायला हवं होतं. ही तर सुखाची गोष्ट, हिला ती फोन उचलणारच. मी नंबर लावायला घेतला, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. दात नसलेले आजोबा, रागावलेले. त्यांचा फोन ठेवला तर लगेच आणखी कुणी. मग आणखी कुणी. दीड वाजेपर्यंत फोन मोकळा झालाच नाही.